वतन कोणाच्या नावावर?

१६ डिसेंबर १९३९ रोजी नगर जिल्ह्यात हरेगाव येथे महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे बोलले. माझे आजोबा त्या परिषदेला पायी गेले होते. वय चौदा-पंधरा असेल. बरोबर त्यांचे वडील, चुलते, आळीतले सगळे बाप्ये. ही हकीकत आमच्या घरात दर चौदा एप्रिलला सांगितली जाते. शाळेत असताना मी ती वक्तृत्व स्पर्धेत सांगितली, आणि प्राध्यापक झाल्यावर वर्गात सांगत आलो. परंतु त्या दिवशी गावात आमच्याच घरावर येसकरपाळी होती, आणि घरातले सर्व पुरुष हरेगावच्या वाटेवर असताना ती पाळी कोणी केली, हा प्रश्न मला वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत पडला नाही.

तो सोडवला आजीने, तोही सहज बोलता बोलता. आजी स्वतः तेव्हा या घरात आलेली नव्हती. तिने सासूकडून ऐकलेले. पाळी पणजीने केली. येसकराची घुंगराची काठी आमच्याकडे बाईने हाती धरायची नसे, म्हणून काठी दाराशी टेकवलेली राहिली आणि पणजीने काठीशिवाय गावकी केली. चावडी झाडली, वाड्यापुढचे शेण उचलले, लाकडे फोडली, आणि दिवेलागणीला दारोदार फिरून भाकरी मागून आणली. मी आजीला म्हणालो, "मग हे इतके दिवस सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "बाप्ये गेले सभेला. काम काय सभेला गेलं व्हतं व्हय? त्यात सांगायचं काय?"

'त्यात सांगायचं काय' या तीन शब्दांनी माझ्या इतिहासाच्या अध्यापनाची जी अवस्था केली, तिचा हिशेब मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

महार वतन म्हणजे काय हे या त्रैमासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु महाविद्यालयात येणारी आजची मुले वतन हा शब्द केवळ देशभक्तीपर गाण्यांतून ऐकतात, म्हणून थोडक्यात सांगतो. हाडकी-हाडोळ्याचा एक तुकडा, शिवाय रयतेकडून मिळणारे बलुते, आणि त्या बदल्यात सरकारची व गावाची आठही प्रहर चाकरी. सरकारी टपाल पोचवायचे, वसुलीच्या रकमेबरोबर तालुक्याला जायचे, मढ्याचा सांगावा घेऊन दहा-दहा कोस तुडवायचे, मेलेले ढोर ओढायचे. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने ही जुनी गुलामी मोडली नाही. तिला कलमे आणि रजिस्टरे दिली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यांचे म्हणणे सरळ होते. काम सरकारचे आणि मोबदला मात्र रयतेच्या मर्जीवर, हा कुठला न्याय? कामाला वेळेची मर्यादा नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे नेमलेला महार हजर नसला की त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला पकडून कामाला लावतात. चाकर एक आणि बांधील मात्र सगळे घर. निवड समितीत त्या विधेयकाचे जे झाले ते पाहून बाबासाहेबांनी १९२९ मध्ये ते मागे घेतले. हरेगावची परिषद या लढ्यातला पुढचा टप्पा. वतने प्रत्यक्ष खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून; म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

'सगळे घर बांधील' हा मुद्दा मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. सांगताना माझ्या डोळ्यांपुढे बाप, मुलगा, भाऊ अशी माणसे येत. घर म्हणजे पणजीही, हे लक्षात आले नाही. आणि त्याच कायद्याच्या पोटात दडलेली आणखी एक गोष्ट तर मी एम.ए. होईपर्यंत वाचलीही नव्हती. १८८६ साली त्या वतन कायद्याला एक दुरुस्ती जोडली गेली. तिचा आशय असा की, वतनाच्या वारसाहक्कात शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडली तर घराण्यातल्या कोणत्याही स्त्रीचा क्रम घराण्यातल्या प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे लागावा. मुलगी असो, बहीण असो. चार पिढ्यांपलीकडचा चुलत पुरुष आधी, ती नंतर. ही दुरुस्ती देशमुख-देशपांड्यांच्या मोठ्या वतनांसाठी सुचली असेल, पण तिचा दंडक उतरत उतरत गावकुसाबाहेरच्या हाडोळ्यापर्यंत आला. म्हणजे पाहा: राबण्याच्या वेळी बाई वतनाच्या घरातली, आणि वारसाच्या वेळी बाई घराबाहेरची. जातीने तिला वेठीला धरले आणि बाईपणाने तिचा मोबदला बुडवला. यातले अमुक दुःख जातीचे आणि तमुक दुःख बाईपणाचे अशी वाटणी पणजीला करता आली असती काय?

आता ज्या विचाराला आमच्या विद्यापीठांतून हल्ली मोठे नाव आले आहे, त्याच्याकडे वळतो. 'क्रिटिकल थिअरी' किंवा चिकित्सक सिद्धान्त हा शब्द रूढ केला तो जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या विचारवंतांनी. मॅक्स होर्कहायमरचा त्यावरील प्रसिद्ध निबंध १९३७ चा. जगाचे वर्णन करणारा सिद्धान्त वेगळा आणि ज्या व्यवस्थेत माणूस दबला आहे ती उघडी करून त्याच्या मुक्तीला हातभार लावणारा सिद्धान्त वेगळा, असे त्याचे साधारण म्हणणे. पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कायदेपंडितांनी वंशभेदाच्या बाबतीत, आणि स्त्रियांनी स्त्रीदास्याच्या बाबतीत, तीच शस्त्रे परजली. १९८९ साली किंबर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द दिला. तिने घेतलेले उदाहरण साधे आहे. जनरल मोटर्स कंपनीत १९६४ पूर्वी एकही कृष्णवर्णीय स्त्री कामावर घेतली गेली नव्हती. पुढे कामगारकपात आली तेव्हा 'शेवटी आला तो आधी जाईल' हा नियम लावला, आणि ज्यांना मुळात उशिरा घेतले होते त्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया बाहेर पडल्या. त्यांपैकी पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ च्या निकालात कोर्टाने सांगितले की तुम्ही वंशभेदाचा दावा मांडा किंवा स्त्री म्हणून भेदभावाचा मांडा. दोन्ही एकत्र करून नवा दावा तयार करू नका. कंपनीत बायका आहेत, त्या गोऱ्या. कंपनीत काळी माणसे आहेत, ती पुरुष. मग या पाच जणी कोण? कायद्याच्या लेखी कोणीच नाहीत. क्रेनशॉ म्हणते, चौफुलीवर अपघात झाला तर गाडी कोणत्या रस्त्याने आली हे नेहमी एकच उत्तर देऊन सांगता येत नाही.

हे वाचले तेव्हा मला पणजी आठवली. पण त्याबरोबर थोडा रागही आला. क्रेनशॉचा नव्हे, आमचा. आमचे अभ्यासक या शब्दाचे भाषांतर काय करावे यावर चर्चासत्रे घेतात आणि हा विचार परदेशातून आपल्याकडे आला असे गृहीत धरतात. देवाणघेवाण तर जुनीच आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. १९७२ मध्ये आमच्या तरुणांनी पँथरचे नाव घेतले तेही तिकडूनच. घेण्यात कमीपणा नाही. परंतु आपल्या घरातले काय होते हे न पाहता घ्यायचे, ही मात्र बलुत्याची सवय झाली.

आपल्या घरातले काय होते? त्यासाठी पुन्हा नगरलाच यावे लागते.

अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८३९ पासून नगरात मुलींच्या शाळा चालवीत होत्या. तेथेच १८६२ मध्ये त्यांचा अंत झाला. जोतीराव मित्राबरोबर नगरला आले असता त्यांनी या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार त्यांतून बळावला, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. याच मिशनने १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केले. पुढे ते मुंबईला गेले. त्या 'ज्ञानोदया'त १८५५ च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च या अंकांत जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज मुक्ता साळवे यांच्या नावाने सर्वांना ठाऊक आहे. चळवळीत त्याचा उल्लेख होतो तो बहुधा एका वाक्यापुरता: आम्हांला धर्मपुस्तक नाही तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महारांवर जो प्रसंग येई, त्याचे तिने केलेले वर्णनही व्यासपीठावरून ऐकायला मिळते. ते ऐकवलेच पाहिजे. परंतु त्या निबंधात आणखी दोन जागा आहेत, आणि व्यासपीठावर त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही.

एक जागा बाळंतपणाची. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, आजार झाला तर औषधाला पैसा कोठून आणायचा, असे ती मुलगी लिहिते. तिच्यापूर्वी अस्पृश्यतेविषयी बोलणाऱ्या कोणाला हे सुचले असेल असे वाटत नाही, कारण अस्पृश्यता म्हणजे विहीर, देऊळ, रस्ता अशी आपली यादी असते. मुक्ताने त्या यादीत बाळंतिणीची खोली घातली, जी नव्हतीच. दारिद्र्य, जात आणि स्त्रीदेह यांची गाठ कोठे पडते ते तिने बोट ठेवून दाखवले; तेही क्रेनशॉच्या निबंधाआधी १३४ वर्षे.

दुसरी जागा माझ्यासारख्याला अवघड जाणारी आहे. महारांनाही ब्राह्मणांच्या सोवळ्याची लागण झाली आहे आणि तेही मांगांना खालचे लेखतात, हे तिने लपवले नाही. मी जन्माने महार, धर्माने बौद्ध. हा निबंध मी पहिल्यांदा शिकवला तेव्हा वर्गात मातंग समाजातली दोन मुले बसली होती. मी ते वाक्य वगळून पुढे गेलो. वेळ कमी होता असे मी स्वतःला सांगितले. त्या दोघांपैकी एकाने परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत नेमके तेच वाक्य लिहून आणले. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले. त्याच्याशी बोललो मात्र नाही, आणि तो पुढच्या वर्षी महाविद्यालय सोडून गेला. हरेगावच्या परिषदेच्या नावात महारांच्या शेजारी मांग हा शब्द आहे, हेही आम्ही बोलताना कितीदा गाळतो! 'महार वतनाची परिषद' असेच म्हणतो.

तेव्हा चिकित्सक सिद्धान्ताची पहिली कसोटी मला अशी वाटते: तो आपल्यावर जुलूम करणाराकडे बोट दाखवतो एवढे पुरे नाही, आपण कोणाच्या डोक्यावर उभे आहोत ते पाहायला लावतो की नाही? मुक्ता या कसोटीला उतरते. आम्ही अजून उतरायचे आहोत.

बाबासाहेबांच्या विचाराकडे या दृष्टीने पाहिले तर तो किती पुढचा होता हे कळते. कोलंबियात १९१६ च्या मे महिन्यात वाचलेल्या निबंधात त्यांनी जात म्हणजे काय याचे उत्तर पंगत किंवा धंदा यांत शोधले नाही, तर लग्नाच्या बंदिस्तपणात शोधले. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचे नसेल तर जातीतील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की उरलेली बाई ही जातीच्या दृष्टीने 'जादा' ठरते. मग तिला जाळा, नाहीतर विधवा म्हणून कोंडा. आणि उरलेल्या पुरुषासाठी अजून वयात न आलेली मुलगी आणा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जात टिकवण्याची अवजारे आहेत, असे पंचविशीतला हा तरुण परदेशी अध्यापकांपुढे सांगत होता. होर्कहायमरचा निबंध अजून २१ वर्षे दूर होता. जातीचा दरवाजा बाईच्या देहावर बसवला आहे, हे एकदा समजले की जातिअंताची चळवळ आणि स्त्रीमुक्तीची चळवळ या दोन वेगळ्या वाटा राहत नाहीत. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा असे ठराव तेथे झाले. ते करणाऱ्या बायकांना सिद्धान्त कोणी शिकवला नव्हता. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढून या बायकांना नावानिशी उभे केले नसते, तर माझ्या पिढीला त्यांचा पत्ताच लागला नसता. क्रेनशॉचा निबंध आणि हे पुस्तक एकाच सालचे आहे. पहिला आमच्या अभ्यासक्रमात आहे. दुसरे 'पूरक वाचना'त.

या जिल्ह्यात आणखी एक चौफुली आहे आणि तिच्याविषयी आमच्या चळवळीत फार कमी बोलले जाते. गेल्या शतकाच्या आधीपासून नगर जिल्ह्यातील गावोगावच्या महारांनी मिशनचा रस्ता धरला. त्यांची नातवंडे-पतवंडे आज ख्रिस्ती आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. १९८५ मध्ये सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतरही तितकाच सामाजिक जाच उरतो हे दाखवावे लागेल. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा असे सांगितले. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, गावात आम्ही महारवाड्यात राहतो, आणि कॉलेजच्या फॉर्मवर आम्ही महारवाड्यातले नाही. मग मी कोण?" मी तिला आयोगांची नावे आणि साले सांगितली. ती लिहून घेऊन गेली. ज्या जनरल मोटर्सच्या पाच जणींची गोष्ट मी मोठ्या रसाने सांगतो, तीच गोष्ट माझ्यासमोरच्या बाकावरून बोलत होती, हे मला घरी गेल्यावर उमगले.

हे सारे इतिहासापुरते नाही. १९३९ च्या त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारण्यात आले. त्यापूर्वी २०१३ चे सोनई, २०१४ चे खर्डा. खर्ड्यात बारावीत शिकणाऱ्या एका दलित मुलाचा जीव गेला, तो वरच्या जातीतल्या मुलीशी बोलत असे म्हणून. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातील आरोपी सुटले. बरेच साक्षीदार उलटले होते. आणि त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्याच्या न्यायालयात, कोपर्डीच्या खटल्याचा निकाल लागून तिघांना फाशीची शिक्षा झाली. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डीत मराठा समाजातील एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिची हत्या झाली होती, आणि आरोपींत दलित होते.

त्या काळात आमच्या कार्यकर्त्यांची जी घालमेल झाली ती मी पाहिली आहे. निषेध करताना आवाज खाली येत असे. 'पण' हा शब्द फार लवकर येत असे. ते चुकीचे होते असे मला तेव्हाही वाटत होते आणि आज लिहूनही टाकतो. त्या मुलीवर जे झाले त्याला 'पण' नाही. तिच्यासाठी निघालेल्या मोर्चांत ॲट्रॉसिटी कायदा बदला ही मागणी पुढे आली, तेव्हा तिचे दुःख दुसऱ्याच्या हिशेबात जमा केले गेले, हेही तितकेच खरे. दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणता येत नसतील तर आपण कसला सिद्धान्त शिकलो? खर्ड्याकडेही एकदा या नजरेने पाहावे. मुलाला मारले, कारण जातीच्या दरवाजाशी तो उभा दिसला. आणि ज्या मुलीशी तो बोलत होता तिचे पुढे काय झाले, तिला काय वाटले, हे आपणही कधी विचारले नाही. १९१६ चा निबंध तिच्याविषयीही आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. हा नवा विचार महाविद्यालयात येता येता अस्मितांची जंत्री होऊ लागला आहे. जात, लिंग, धर्म, भाषा, प्रदेश असे खाने पाडायचे, विद्यार्थ्याने प्रत्येक खान्यात खूण करायची, आणि ज्याच्या खुणा जास्त तो जास्त पीडित. यात जमीन, मजुरी, कर्ज हे शब्द अदृश्य होतात. पणजीचा प्रश्न खुणांचा नव्हता. काम कोणी केले आणि नाव कोणाचे लागले, हा होता. दया पवार आमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. १९७८ साली त्यांनी आत्मकथनाला नाव दिले ते 'बलुतं'. जातीचे नाव नव्हे, मजुरीचे नाव.

म्हणून मी विद्यार्थ्यांना आता ऊसतोडीचा कोयता समजावून सांगतो. आपला जिल्हा साखरेचा. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० चा. त्याचे कौतुक पुस्तकांत आहे आणि ते योग्यही आहे. पण ऊस तोडणाऱ्याचा हिशेब ज्या एककाने होतो त्याला 'कोयता' म्हणतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मुकादमाकडून घेतो नवरा. नाव त्याचे, अंगठा त्याचा, फिटली नाही तर पुढच्या हंगामाचा वायदाही त्याचा. पहाटे दोनला उठून भाकरी थापणारी, थंडीत फडात ऊस तोडणारी आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवणारी बाई त्या हिशेबात निम्मा कोयता. दुखणे निघाले, पाळी आली, खाडा पडला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याचे प्रमाण पाहून शासनाला समिती नेमावी लागली. त्या बायका सगळ्या दलित नाहीत. वंजारी आहेत, मराठा आहेत, बंजारा आहेत. पण चाकरी घराची आणि नाव एका पुरुषाचे, हा वतनाचा साचा त्यांच्यापर्यंत जसाच्या तसा आला आहे. वतने खालसा झाली. साचा झाला नाही. जातीचा, बाईपणाचा आणि मजुरीचा प्रश्न एकत्र आणून संघटना बांधायची असेल तर ती या फडावर बांधता येईल, चर्चासत्रात नव्हे.

आत्या अशाच कोयत्यात होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण. वतन खालसा झाल्यावर आजोबांना जमीन नवीन शर्तीने परत मिळाली होती, दीड एकर. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर आजीचे, वडिलांचे आणि आत्याचे नाव लागले. कायद्यात १८८६ उरले नव्हते; १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला हक्क दिला होता आणि तो आम्हा बौद्धांनाही लागू आहे. मागच्या वर्षी या लेखासाठी म्हणून मी जुने फेरफार काढले. आत्याच्या नावाला कंस झालेला दिसला. हक्कसोडपत्र, साल २००६, खाली आत्याचा डावा अंगठा. मी त्या वर्षी बाहेरगावी वसतिगृहात राहून शिकायला गेलो होतो.

वडिलांना विचारले तर ते म्हणाले, "बहिणी सोडतातच. रीतच हाय." हा माणूस आयुष्यभर रीत मोडण्याच्या मोर्चांत चालला आहे. मग आत्याकडे गेलो. तिचे गुडघे आता चालत नाहीत. फडावर जाणे बंद होऊन पाच-सहा वर्षे झाली. मी तिला १८८६, १९५६ सगळे सांगत बसलो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुझा बाप म्हणला, सोसायटी कर्ज देईना, तीन नावं हायेत म्हणून. तुझी फी भरायची व्हती. मी म्हणलं, दे कागद."

वकील सांगतात की हक्कसोड आता मागे घेता येणार नाही; वडिलांनी बक्षीसपत्र करून द्यावे लागेल, आणि जमीन नवीन शर्तीची म्हणून आधी परवानगी काढावी लागेल. परवानगीचा अर्ज मी भरून ठेवला आहे. वडिलांची सही व्हायची आहे.